दुर्बीण सरळ घ्यावी की तिरकी

आमच्या घरात दुर्बिणीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी घर बदलतानाही झाली नव्हती. आणि दुर्बीण तरी कसली, तर एका डोळ्याने बघायची, तीन पायांवर उभी राहणारी. स्पॉटिंग स्कोप म्हणतात तिला. नेमबाज आणि शिकारी वापरतात. पन्नास मीटरवरच्या कागदाला गोळी नेमकी कुठे भोक पाडून गेली, हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ते बघायला ही लागते.

नेमबाज म्हणजे आमचे हे, मी नव्हे. कॉलेजात एनसीसीत असताना ह्यांना रायफलीचा नाद लागला आणि दुबईला आल्यावर तो पुन्हा उफाळला. आठवडाभर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या फॅक्टरीत मशिनांशी डोकेफोड करायची आणि सुट्टीच्या सकाळी क्लबात जाऊन, क्लबचीच रायफल घेऊन कागद फोडायचे. मला म्हणायचे, "तेवढा वेळ डोक्यात काही नसतं गं." माझ्या मते इतर वेळीही फार नसायचं, पण ते असो.

मग गेल्या वर्षी ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच्या घरात येतो तेव्हा सगळ्यांना हलकाच वाटतो. उजवा हात गेला होता, तो फिजिओथेरपी करकरून परत आला, पण पूर्वीसारखा आला का, ते कोणालाच सांगता येईना. हातातून कप पडला की मी म्हणायचे, "कपच घसरडा होता हो." सही वाकडी आली की पेन बेकार. शर्टाचं बटण लागेना तर शिंप्याचा उद्धार. हे सगळं ऐकून घ्यायचे. मी त्याला खोटं बोलणं म्हणत नाही. घरातला माणूस खचू नये म्हणून जे बोलावं लागतं ते मी बोलत होते, आणि कोणतीही बाई बोलली असती.

एकदा जेवताना ह्यांनी विषय काढला. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, क्लबवाल्यांनीही हो म्हटलं होतं. टेबलाशी बसून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारायला हरकत नव्हती. हे म्हणाले, "एकदा जाऊन बघतो. हात स्थिर राहिला तर ठीक. नाही राहिला, तर खलास. पुन्हा त्या वाटेला जाणार नाही."

हा माणूस 'खलास' म्हणतो ते खलासच असतं. चहातली साखर एकदा सोडली ती सोडलीच. आज रायफल सोडतील, उद्या गाडी चालवणं, परवा फॅक्टरी, आणि मग खिडकीशी खुर्ची टाकून बसतील, हे मला ढळढळीत दिसत होतं. हात कसाही असो, ह्यांना तो बिघडलेला वाटता कामा नये, एवढंच मी मनाशी धरलं.

म्हणून मला सरळ दुर्बीण हवी होती. ह्या दुर्बिणी दोन तऱ्हेच्या असतात. सरळ असते तिच्यात मागून, उभ्याने डोळा लावायचा. बसलेल्या नेमबाजाला दर वेळी उठावं लागतं, तेव्हा दुसऱ्या कोणीतरी बघून सांगायचं. ती दुसरी मी. तिरकी असते तिचा डोळ्याकडचा भाग वर वळलेला असतो. टेबलाशी बसल्या बसल्या मान जराशी झुकवली की ज्याचं त्याला दिसतं. ह्यांना तिरकी हवी होती.

"तुम्हाला कशाला उठबस? मी सांगेन ना कुठे लागली ते," मी म्हटलं.

"तू सांगशील. म्हणूनच मला तिरकी हवी."

ह्यावर आमची कॉलेजातली कन्या मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मॉम, यू आर नॉट द वन शूटिंग." मी म्हटलं, तू गप जेव.

शेवटी एका शनिवारी मीना बाजारात कापडाची एक बदलाबदल उरकून आम्ही अब्र्याने, म्हणजे इथल्या लाकडी होडीने, खाडी ओलांडली आणि पलीकडच्या एका शिकारी सामानाच्या दुकानात शिरलो. तिथे ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या कातडी टोप्या, हातमोजे, वाळवंटात न्यायच्या खुर्च्या, असं कायकाय टांगलेलं. गल्ल्यावर रत्नागिरीकडचे एक चाचा बसले होते. आम्ही आपसात भांडत आत आलो तेव्हाच त्यांना कळलं असणार, गिऱ्हाईक आपल्या मुलखाचं आहे.

"या वहिनी. शिकारीला का टार्गेटला?"

"टार्गेटला. सगळ्यात मोठं दाखवते ती दाखवा," मी म्हटलं. एकदा पैसे टाकायचे तर मोठा आकडा घ्यावा, असं माझं साधं गणित.

चाचा हसले. "आपला परत्येक माणूस ह्याच बोलतो," म्हणाले आणि एक दुर्बीण उचलून आम्हाला दुकानाच्या दारात घेऊन आले. एसीत बसून सगळंच चांगलं दिसतं, बाहेर बघा, हे त्यांचं म्हणणं. खाडीपलीकडच्या एका पाटीवर त्यांनी ती रोखली आणि किती पट मोठं दिसावं तो आकडा पार शेवटाला नेला. मी चष्मा काढायला गेले तर म्हणाले, राहू दे, आणि डोळ्याकडची रबरी कड पिळून खाली बसवून दिली. बघते तर काय, अक्षरं हे मोठी, पण पेटत्या चुलीवरून पलीकडे बघावं तशी सगळी हलतायत. उन्हाने हवाच थरथरत होती. चाचांनी आकडा निम्म्याखाली आणला. अक्षरं बारीक झाली आणि गप उभी राहिली.

तेवढ्यात आतला एक अरब गिऱ्हाईक, शिकारीला कुठेतरी परदेशी निघालेला, एक सरळ दुर्बीण डोळ्याला लावून पाण्यातल्या अब्र्याबरोबर ती फिरवत बाहेर आला. मला आयताच मुद्दा मिळाला.

"बघा! तेसुद्धा सरळच घेतायत."

"त्याचा ससा पळतो, वहिनी," चाचा म्हणाले. "पळत्यामागं फिरवायला सरळ बरी. तुमचा कागद कुठं पळून जाणार?"

हे इतके हसले की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मग चाचांनी तिरकी आणली आणि तिची मधली कडी सैल करून डोळ्याकडचा भाग गर्रकन बाजूला वळवून दाखवला. साहेबांनी बघायचं तेव्हा साहेबांकडे, वहिनींनी बघायचं तेव्हा वहिनींकडे. "यल्ला, चला, भांडान मिटला," म्हणाले. दिरहॅमचे रुपये करून बघायची खोड आहे मला, ते केले, कपाळाला हात लावला आणि तिरकी घेऊन आलो.

घरी आल्यावर मी तिची पूजा केली. आता ह्यात हसण्यासारखं काय आहे? आमच्याकडे नवा मिक्सर आला तरी त्याला हळद-कुंकू लागतं, आणि ही तर शस्त्राच्या कुळातली. पुढच्या कडेला बोटभर हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, मनातल्या मनात म्हटलं, बाई, जरा सांभाळून दाखव.

पुढच्या सुट्टीला सकाळी क्लबात पोचलो. गाडीच्या थंडगार एसीतून दुर्बीण बाहेरच्या दमट हवेत काढली आणि तिच्या काचा क्षणात धुरकटल्या. धुक्यात काही दिसेना. थांबू या म्हटलं तर हे कसले थांबतात. म्हणाले, तू ती वाळव, मी तोवर पाच मारून घेतो. कानांवर ते मोठे हेडफोनसारखे चढवले आणि बसले रायफलीशी. मी पदराने काच पुसली. पुढच्या कडेचं कुंकू दवाने भिजून आधीच खाली उतरलं होतं, ते मी माझ्या हाताने सगळ्या काचेवर सारवलं. डोळा लावला तर अख्खं मैदान लालेलाल! पाण्याची बाटली, चष्म्याचं फडकं, पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. तिकडे ह्यांच्या एकेक गोळीचा आवाज येतोय आणि इकडे मी दुर्बिणीला न्हाऊ घालतेय.

पाचवी गोळी झाली. ह्यांनी रायफल खाली ठेवली, कानावरचं काढलं. काच एकदाची स्वच्छ झाली होती. मी आयपीस, म्हणजे तो डोळ्याकडचा भाग, माझ्याकडे वळवला आणि बघितलं.

कागदाच्या मधोमध काळं वर्तुळ असतं. त्यात एकही भोक नव्हतं. एकही नाही. सगळी खाली, डावीकडे, पांढऱ्यावर. संपलं, वाटलं. आता हा माणूस उठेल, गाडीत बसेल आणि पुन्हा कधी इकडचं नाव काढणार नाही.

"कुठे आहेत?" ह्यांनी विचारलं.

"छान आहेत की! एक तर अगदी मधे बसलीय."

हात लांब करून त्यांनी कडी सैल केली, आयपीस स्वतःकडे वळवला आणि मान झुकवली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता मानेवरचा घाम दिसत होता, आणि मी मनातल्या मनात चाचांना, तिरक्या दुर्बिणीला आणि स्वतःलाही शिव्या घालत होते.

"मधे एकही नाही," ते म्हणाले.

"अहो, पहिलाच दिवस, रायफल क्लबची, कोणीकोणी वापरलेली..."

"अगं पण बघितलंस का? पाचही एका पाणीपुरीच्या पुरीत मावतील!"

त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं. मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. मधोमध बसणं हा रायफलीवरच्या, नेम सरकवायच्या दोन स्क्रूंचा प्रश्न. आधी कोणीतरी ते आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवून ठेवले होते. हात हलत असता तर पाच भोकं पाच दिशांना गेली असती. ती एकाला एक लागून होती. हाताने आपलं काम चोख केलं होतं, आणि ते मी नाही, कागदाने सांगितलं होतं. मी तिथेच, लोकांसमोर, कुंकवाने लाल झालेल्या पदराने डोळे पुसले. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खरं सांगते.

ह्यांनी स्क्रू फिरवले, रायफल भरली आणि आयपीस परत माझ्याकडे वळवून दिला.

"आता तू बघ. आणि दिसेल ते सांग."

गोळी सुटली. मी बघितलं. उजवीकडे, काळ्याच्या पार बाहेर. तोंडावर 'छान' आलंच होतं. पण हे कागदाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"बाहेर गेली," मी म्हणाले. "उजवीकडे, पांढऱ्यात. हात हलला तुमचा."

वर्षभरात आमच्या घरात हे वाक्य कोणीही उच्चारलं नव्हतं. बोलून गेले आणि श्वास धरून उभी राहिले.

"हो, हलला," हे म्हणाले आणि त्यांनी पुढची गोळी भरली.