तीस दिवसांचा तक्ता

आठवीतल्या मुलीला एकदा सगळ्यांनी हुशार ठरवलं की तिची पंचाईतच होते. तिला कुठलंही काम अर्धवट सोडता येत नाही, आणि पुरं करायचा कंटाळा तर इतरांइतकाच येतो. घरात जिला सगळे ताई म्हणत, तिचं नेमकं हेच झालं.

विज्ञानाच्या बाईंनी प्रकल्प दिला होता. घरात रोज किती पाणी लागतं ते महिनाभर मोजा, आणि कमी करून दाखवा. ताईच्या घरी मोजणं सोपं होतं. न्हाणीघरात दोनशे लिटरचं निळं पिंप होतं. सकाळी सहाला नळ येई, आई पिंप काठोकाठ भरी आणि चौघांचा दिवस त्यावर निघे. नळ यायच्या आत पिंपात पट्टी बुडवायची, उरलेलं पाणी बघायचं आणि ते दोनशेतून वजा करायचं. फक्त त्यासाठी पावणेसहाला उठायला हवं होतं.

पाच दिवस ती उठली. सहाव्या दिवशी तिने पांघरुणातच ठरवलं की जरा वेळाने बघू. जरा वेळाने बघितलं तेव्हा पिंप भरलेलं होतं, आणि भरलेलं पिंप कालचं काही सांगत नाही. एक दिवस बुडाला, मग दुसरा बुडाला, मग तिने मोजायचा नादच सोडला. महिना संपल्यावर एका संध्याकाळी चहा पिता पिता तिने उरलेले पंचवीस आकडे तक्त्यात दहा मिनिटांत लिहून टाकले. एकशे ऐंशीपासून सुरुवात, रोज दोन लिटर कमी, तिसाव्या दिवशी एकशे बत्तीस. वर रंगीत पेनाने आलेख काढला. दिसायला फार देखणा झाला.

आई मात्र महिनाभर खरंच राबली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायची, आणि तिचा उजवा खांदा कायम धरलेला असे. तरी कपडे खळबळलेलं पाणी ती बादली बादलीने गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत नेऊन ओती. भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसे. स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीत उरके. "इंजिनिअरीणबाई, तुमच्या हुकमाने आमची आंघोळ सुरू व्हायच्या आतच संपते हल्ली," असं चिडवायची, आणि मग हळूच विचारायची, "कमी होतंय का गं खरंच?" ताई दात घासता घासता म्हणायची, "हो, खूप."

बाईंनी तक्ता शाळेच्या प्रदर्शनासाठी निवडला. त्यातला पहिला नंबर पुढे मोठ्या प्रदर्शनाला जाणार होता. आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "आमच्याकडे रोज पन्नास लिटर वाचतात," असं तिने कारखान्यातल्या बायकांना कधीच सांगून ठेवलं होतं. ठेवणीतली साडी नेसून ती तक्त्याशेजारी उभी राहिली, जसा काही तो तिनेच काढला होता.

परीक्षक म्हणून पाणीखात्यातून निवृत्त झालेले एक काका आले. जन्मभर त्यांनी घरोघरचे मीटर वाचलेले. चष्मा कपाळावर सरकवून ते तक्त्यापाशी बराच वेळ थांबले.

"तीस वर्षं लोकांचं पाणी मोजलं," ते सावकाश म्हणाले, "पण इतक्या शिस्तीत, पायरी पायरीने उतरणारं घर नाही पाहिलं मी."

"मग!" आई खुलली. "मी लक्षच ठेवून होते साहेब."

ताईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. काकांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. ते समजले होते. आईला काहीच समजलं नव्हतं. ती बोटाने एकेक तारीख वाचत चालली होती, आणि सतरा तारखेवर तिचं बोट थांबलं.

"अगं, हे चुकलंय," ती ताईच्या कानाशी लागली. "सतराला धाकटीला जुलाब होत होते ना? चादरींवर चादरी धुतल्या. पिंप दुपारीच खडखडीत. शेजारच्या काकूंकडून दोन बादल्या आणल्या मी. आणि तू एकशे अठ्ठावन्न लिहिलंयस. झोपेत पट्टी उलटी धरली असशील. खोड आणि नीट लिही, साहेबांसमोर चूक नको राहायला."

आई तिला सांभाळून घेत होती.

काकांनी हातातली गुणांची वही मिटली. "बाळ, हा तक्ता पुढे पाठवू का? तूच सांग."

"पाठवा की!" आई म्हणाली. "हिला काय विचारता?"

"नको," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावं लागलं. "नका पाठवू. पाचच दिवस मोजलंय मी. पुढचे सगळे आकडे मनाने लिहिलेत."

बाईंनी कपाळाला हात लावला. शेजारच्या प्रकल्पाची मुलं माना वळवून बघायला लागली. ताईने आईकडे बघायचं टाळलं. आता बोलणी बसतील, घरी गेल्यावर बाबांच्या कानावर जाईल, हे सगळं तिने गृहीतच धरलं होतं. ते तिला चाललं असतं.

आई रागावली नाही. तिचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. मग अगदी साध्या आवाजात, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "मग मी वाचवलं किती?"

ताईने काकांकडे पाहिलं. रोजचं पाणी रोज वाहून गेलं होतं, आणि ते कुणी मोजलं नव्हतं.

"सांग ना," आई म्हणाली. "थोडं तरी वाचलं का?"

"माहीत नाही, आई," ताई म्हणाली.