दादाचं साकवावरचं मरण

माझ्या थोरल्या भावाने सारी नोकरी एका बँकेत कॅशियर म्हणून काढली आणि तेवढ्या काळात त्याच्या उजव्या पायाकडे एकच काम होतं: बटणावर न पडणं. काउंटरखाली, जमिनीलगत, धोक्याच्या घंटेचं बटण असे. दरोडा पडला तर हात वर करायचे आणि पायाने ते दाबायचं, असं प्रशिक्षणात दर वेळी सांगत. दरोडा काही पडला नाही. एकदा बैल आत शिरला होता, पण बैलासाठी घंटा वाजवावी की नाही याविषयी परिपत्रकात उल्लेख नव्हता. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणं झाली. घरी येताना दादा रिक्षात एवढंच म्हणाला, "वाजते कशी, ते काय कळलं नाय."

म्हणून मिरजोळ्यापलीकडच्या आमच्या गावात मालिकावाले आले, तेव्हा मला दादाची काळजी वाटायला हवी होती. वाटली नाही.

मालिका सत्यकथेची होती. बँका लुटून माणसं मारणारी टोळी आणि तिच्या मागावर असलेले केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी. मूळ घटना उत्तरेकडच्या कुठल्याशा रखरखीत जिल्ह्यात घडली होती. तिथे समुद्र नव्हता, तो यांनी आमच्या जवळच्या आरे-वाऱ्याचा घेतला, कारण तिथल्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरचा पाठलाग ड्रोनमधून छान दिसतो. बाकी सगळं शंभर टक्के खरं आहे, असं दिग्दर्शकांनी ग्रामपंचायतीत येऊन सांगितलं. गावातल्या सोसायटीच्या बंद गोदामाला रंग देऊन, पाटी लावून त्यांनी बँक उभी केली. दुसऱ्याच सकाळी वाडीतली एक आजी पासबुक भरून घ्यायला गेली. "प्रिंटर बंद आहे," सेटवरचा माणूस म्हणाला. मग मात्र ती बँकच आहे याबद्दल आजीला शंका उरली नाही.

दादा नुसता बघायला गेला होता. कॅशियरच्या खुर्चीत बसून त्याने सवयीने शिक्क्याची डबी डावीकडे सरकवली, आणि दिग्दर्शक ओरडले, "काका, हलू नका! हेच पाहिजे!"

घरी आला तो अंगणातूनच सांगत आला. "मला घ्यायला लागलेत. बटण दाबायचंय."

"आणि मग?" वहिनीने विचारलं.

"मग ते गोळी घालतात. मरायचंय."

"कुणाला विचारून?"

हा प्रश्न आमच्या गावात साधा नाही. विहीर खणायची असो, लग्न ठरवायचं असो, एसटीचा थांबा हलवायचा असो, आधी ग्रामदेवाला विचारतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतो आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याला कौल म्हणतात. दिग्दर्शकांना हे फारच आवडलं. त्यांनी एक कॅमेरा देवळात लावला आणि स्वतः धोतर नेसून आले.

गुरवाने विचारलं, "म्हाराजा, ही पावणी मंडळी आली हायत, त्यांचं काम तुझ्या हद्दीत करू काय?" उजवी कळी पडली. मालिकावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. देवळात टाळ्या वाजवतात हे आम्हाला नवीन होतं.

तेवढ्यात मागून वहिनी म्हणाली, "माणूस मारनार हायत, तेबी इचारा की."

गुरवाने कळ्या पुन्हा लावल्या, विचारलं, आणि त्याचा हात खाली येण्याच्या आधी डावी पडली.

"पण ते खोटं मरण आहे," दिग्दर्शक म्हणाले.

"खोटं हाय तर सोडून द्या की," गुरव म्हणाला.

देवळातून बाहेर पडताना दिग्दर्शकांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. कॅशियर मरणार नसेल तर त्याने बटण दाबण्यात अर्थ उरत नाही, असं त्यांनी समजावलं. "जो मरत नाही काका, त्याच्या बटणाला वजन नाही. मग तुम्ही नुसते हात वर करा."

नुसते हात दादाने प्रशिक्षणात वर केलेच होते. तो घरी येऊन पडवीत बसला. जेवला, पण वहिनीशी बोलला नाही. वहिनी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मरू नका म्हटलं म्हणून रुसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत्ये."

दुसऱ्या दिवशी दादा आपणहून गुरवाकडे गेला. मीही सोबत गेले, कारण इतकी पुस्तकं वाचूनही असा अर्ज कुणी देवापुढे मांडल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. "मरण नको म्हणतो, ठीक आहे," दादा म्हणाला. "गोळी लागलेली चालेल का, एवढं विचार." गुरवाने गंभीरपणे कळ्या लावल्या. बराच वेळ दोन्ही जागच्या जागी राहिल्या. देवालाही पटकथा वाचायला वेळ लागत असावा. मग उजवी पडली.

जखमी चालणार होतं. मरायचं तेवढं हद्दीबाहेर. आमची हद्द गावाच्या टोकाला पऱ्याशी संपते. पऱ्या म्हणजे ओढा, पलीकडे दुसरं गाव, दुसरा देव. तेव्हा दादाने आमच्या गावात गोळी खायची, पळायचं आणि पलीकडे जाऊन प्राण सोडायचा असं ठरलं. दिग्दर्शक खूश झाले. त्यांच्यासोबत घटनेची सगळी कागदपत्रं वाचलेली एक मुलगी होती. तिने हळूच सांगितलं की खरा कॅशियर काउंटरवरच गेला होता. दिग्दर्शक म्हणाले, "सत्य तेच आहे गं. फक्त थोडं पळतंय."

संध्याकाळी पऱ्यापलीकडचे चार मानकरी आले. चहा घेतला, पावसाचा विषय काढला, सुपारी कातरली आणि मग त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "तुमच्या देवाला नको झालेलं मढं आमच्या हद्दीत कशाला?"

मला हे बिनतोड वाटलं. आमच्या बाजूच्या मंडळींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी अडकित्ता आपल्याकडे ओढून सुपारी कातरायला घेतली. शेवटी दादाच बोलला. "आणि साकवावर मेलो तर?"

साकव म्हणजे पऱ्यावरचा पायी जायचा अरुंद पूल. तो जिल्हा परिषदेने बांधला. बांधताना ना या देवाला विचारलं ना त्या, म्हणूनच त्याचा एका बाजूचा कठडा पहिल्याच वर्षी गेला, याबद्दल दोन्ही गावांचं एकमत आहे. म्हाताऱ्याने विचार केला. "साकव सरकारचा," तो म्हणाला. "त्याच्यावर कोनबी मरो. पन अंग हिकडंतिकडं सांडता नये."

चित्रीकरणाच्या दिवशी केंद्रीय अधिकारी आले. फेब्रुवारीतही ऊन चटकत होतं, तरी त्यांनी काळी जाकिटं घातली होती, पाठीवर मोठी पांढरी अक्षरं, जेणेकरून पळणाऱ्याला नाही तरी पाठून येणाऱ्याला ते कोण हे कळावं. त्यांचा मुख्य अधिकारी सावकाश चाले. आपल्यामागून देश चालतो आहे असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात छत्री धरणारा माणूस चालत होता.

आधी बँकेतला प्रसंग झाला. दरोडेखोर घुसला, बंदूक रोखली. दादाने हात वर केले, खाली न बघता पाय सरकवला आणि दाबला. असा दाबला की काउंटर हललं. गोळी सुटली, छातीवरची लाल पिशवी फुटली, दिग्दर्शक म्हणाले, "कट! सुंदर!"

दादा हात वर धरूनच उभा होता. "वाजली नाय."

"आवाज नंतर टाकतात, काका."

त्याने खाली वाकून बघितलं. बटण गोंदाने चिकटवलेलं होतं.

साकवावरचं मरण मात्र लांबलं. दोन्ही काठांवर दोन्ही गावं हद्द राखायला बसली होती. पहिल्या वेळी दादा आमच्या बाजूला कलंडला. आमच्याकडून गलका झाला, "डोस्कं! डोस्कं तिकडं घ्या!" दुसऱ्या वेळी तो पुढे जाऊन पडला तर पलीकडून ओरडा, "हात आवरा ओ, हात आमच्यात येतोय!"

"सायलेन्स!" दिग्दर्शक किंचाळले.

"सायलेन्स तुमचा, हद्द आमची," म्हातारा म्हणाला.

शेवटी दादा गुडघे पोटाशी घेऊन मेला, एसटीच्या बाकावर झोपावं तसा. कॅशियरचं डोकं मांडीवर घेऊन मुख्य अधिकाऱ्याने वाक्य म्हणायचं होतं, पण साकवावर दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. म्हणून केंद्रीय तपास यंत्रणा पऱ्यात उतरली आणि घोट्याभर पाण्यात, त्याखालच्या गुडघाभर चिखलात उभी राहून, खालून दादाचा हात धरून म्हणाली, "तुमचं बलिदान हा देश विसरणार नाही." मग तिचे बूट निघेनात. ते काढायला दोन्ही गावांची माणसं लागली.

दादा घरी आला तर वहिनी दारात बादली घेऊन उभी. "मढ्यावरनं आलात. आंघोळ केल्याशिवाय आत नको."

"मढं मीच होतो."

"मग दोनदा करा."

मालिका आली ती पावसाळ्याच्या शेवटी, ओटीटीवर. दादाकडे टीव्हीसमोर अख्खी वाडी बसली होती. वहिनीने बघणार नाही असं आधीच जाहीर केलं होतं आणि ती मागे भिंतीकडे तोंड करून वाल सोलत होती. 'सत्य घटनेवर आधारित' अशी अक्षरं आली. आरे-वाऱ्याचा समुद्र आला. मग बँक आली, दादा आला, हात वर गेले. कॅमेरा हळूहळू काउंटरखाली उतरला. एका चकचकीत काळ्या बुटाने बटण दाबलं आणि घंटा वाजली. छपरावरची माकडं पळाली, एवढी वाजली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. आवाज ऐकून वहिनी वळली होती. "ह्यो पाय ह्यांचा नाय," ती म्हणाली.

खरंच नव्हता. दादाने तेव्हा रोजच्या चपला घातल्या होत्या. मुंबईत कुणाचा तरी पाय आणून तेवढं नंतर जोडलं होतं. यावर इतकी चर्चा झाली की साकवावरचं संथ, संगीतासह मरण कुणी धड बघितलंच नाही.

कुणीतरी दादाला समजवायला लागलं, तर तो म्हणाला, "पण वाजते चांगली." आणि तेवढा भाग मागे घेऊन परत लावायला सांगितलं.

पुन्हा हात वर गेले, पुन्हा कॅमेरा उतरू लागला. मी दादाकडे बघत होते. टीपॉयखाली त्याचा अनवाणी उजवा पाय पुढे सरकला आणि जमिनीवर पडला. घंटा वाजली.

वहिनीच्या हातातला वाल हातातच होता.

"परत लावा," ती म्हणाली. "तुमचा पाय जरा आधी पडला."