तुतीची साल

जीवशास्त्राच्या बाईंना मुलं क्लोरोफिल बाई म्हणायची. त्या चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. मागच्या बाकावरून कुणी "बाई, झाडांचं एवढं काय कौतुक?" असं विचारलं, की त्या खडू ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "नाक-तोंड दाबून धर. आता बोल." वर्ग हसायचा. विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

बाईंचं घर दुमजली. खाली बाई आणि त्यांचे यजमान, वर धाकटे दीर आणि जाऊ. फाटकाशी तुतीचं झाड होतं, बाईंनी लग्नानंतर स्वतः लावलेलं. त्याच्या सावलीने खालच्या खोल्या भर उन्हातही गार राहायच्या आणि फळं धरली की गल्लीतल्या पोरांच्या जिभा जांभळ्या व्हायच्या. पण गेल्या वर्षी दिरांनी पांढरीशुभ्र गाडी घेतली. ती झाडाखालीच उभी राहायची. टपावर तुती पडायच्या, उरलेलं काम पक्षी पुरं करायचे. दीर रोज फडक्याने टप घासायचे आणि झाडाचा उद्धार करायचे.

यंदा फांद्यांवर कोंब फुगायला लागले त्या सुमारास बाई शाळेतून आल्या, तर बुंध्याला गोणपाट गुंडाळलेलं.

"वाळवी लागलीय, औषध लावलंय," दीर वरच्या गॅलरीतून म्हणाले.

बाईंनी गोणपाट सोडलं. बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल गोल सोलून काढली होती. आतलं लाकूड फिकट, ओलसर. वाळवीचा मागमूसही नव्हता.

त्या तशाच जिना चढून वर गेल्या. दीर चहा पीत बसले होते.

"साल तुम्ही काढलीत?"

"बसा ना, वहिनी. चहा घेणार?"

"काढलीत का?"

"अहो, थोडीशी साल तर आहे. झाड कुठे तोडलंय? कोंब फुटतायत की."

दीर शाळकरी होते तेव्हापासून बाई त्यांना मानाने अहो-जाहोच करत; आजवर कधी एकेरी बोलल्या नव्हत्या.

"कोंब फुटतायत, कारण मुळांकडचं पाणी आतल्या लाकडातून वर चढतंय. पण पानं जे अन्न करतात ते सालीतून खाली येतं. ऊन, हवा आणि पाणी घेऊन साखर करणं तुला जमतं का? मला? या घरात ते फक्त त्या झाडाला जमतं. ती साखर आता मुळांना मिळणार नाही. साठवलेलं असेल तोवर पुरवतील, मग उपाशी मरतील. सरळ तोडलं असतंस तर गल्लीने पाहिलं असतं. म्हणून असं मारलंस, की वर्षभराने आपलं आपण मेलं असं वाटावं. नववीत हा धडा मीच तुझ्याकडून करून घेतला होता!"

"वहिनी, झाडच आहे हो शेवटी."

"हातातला चहा झाडाचा. त्यातली साखर उसाची. अंगातला सदरा कापसाचा. सासूबाईंचं हृदय ज्या गोळीवर चाललं, तिच्यातलं औषधही आधी एका फुलझाडाच्या पानांत सापडलं. आणि ज्या गाडीसाठी हे केलंस ना, तिच्या टायरात रबराच्या झाडाचा चीक आहे. टायर काढून चालव मग!"

यजमान मागोमाग दारात आले होते. "अगं, जाऊ दे. घरातली गोष्ट आहे."

"घरातली आहे म्हणूनच जाऊ देत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना बाजूला सारून खाली उतरल्या.

पाठोपाठ जाऊ आली. "ताई, सकाळी ह्यांनी कोयता मागितला. मला वाटलं, फांद्या छाटायच्यात. काय करायचं ते सांगा, मी आहे."

बाईंनी त्याच झाडाच्या बोटभर जाडीच्या काड्या कापल्या. प्रत्येकीची दोन्ही टोकं तासली. एक टोक जखमेच्या खाली सालीत खुपसलं, दुसरं वर, म्हणजे सोललेल्या जागेवर पुलासारखी काडी उभी राहील आणि अन्न तिच्या सालीतून खाली उतरेल. जाऊने टोकांवर पातळ केलेलं मेण ओतलं. काड्या हलू नयेत म्हणून बाई बारीक खिळे ठोकत होत्या, तेही दातओठ खाऊन.

"हळू, ताई," जाऊ म्हणाली, "झाडात ठोकताय, माझ्या नवऱ्यात नाही."

बाईंना हसू फुटलं. क्षणभरच. वर गॅलरीचं दार लागल्याचा आवाज आला आणि चेहरा पुन्हा घट्ट झाला.

दुसऱ्या दिवशी त्या नववीचा अख्खा वर्ग फाटकाशी घेऊन आल्या. अन्न कुठून उतरतं, पाणी कुठून चढतं, काड्या कशासाठी, सगळं मुलांना बुंध्याला हात लावून दाखवलं.

"बाई, पण हे केलं कुणी?" एका मुलीने विचारलं.

"वर उभे आहेत ते. त्यांनाच विचार."

सगळ्या माना वर झाल्या. दीर दोरीवरचे कपडे चाचपत राहिले, मग आत गेले. यजमान मात्र जेवताना कडाडले, "सख्ख्या दिराला चव्हाट्यावर आणलंस!"

"झाड चव्हाट्यावरच होतं," बाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या. पुढे कितीतरी दिवस दोघं एका टेबलाशी जेवले नाहीत.

काही काड्या वाळल्या. काही धरल्या, हळूहळू जाड झाल्या. फाटकाकडच्या फांद्या मात्र निष्पर्ण राहिल्या. त्या बाईंना स्वतःच करवतीने उतरवाव्या लागल्या आणि त्या बाजूच्या खोलीत ऊन थेट पलंगापर्यंत येऊ लागलं. दिरांनी गाडी गल्लीच्या टोकाला लावायला सुरुवात केली. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "जगलं ना झाड, वहिनी? मग आता कशाला राग?"

"अर्धं जगलंय," बाई म्हणाल्या. "तेही तुझ्या बायकोमुळे आणि माझ्यामुळे. बाजूला हो, मला शाळेला उशीर होतोय."