दोन पट्ट्यांचा शाळू, वडूज ते सांगली

१. वडूजजवळच्या एका शेतात शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, एका पट्टीला झिंक सल्फेट दिलं होतं, शेजारच्या पट्टीला नाही.
२. दोन्हींचं बी पुण्याच्या बियाणे प्रयोगशाळेत माझ्याकडे उगवण तपासायला आलं. झिंकच्या पट्टीचं कमी उगवलं.
३. सांगलीजवळच्या शेतातही असंच केलं होतं. तिथं झिंकच्या पट्टीचं जास्त उगवलं.
४. तपासणी पुन्हा केली. निकाल तेच आले.
५. मी रजा घेऊन एसटीत बसले.

साताऱ्याला पाऊस होता. पुसेगावच्या पुढे रस्ता कोरडा, आणि खिडकीची काच बसत नसल्यानं धूळ मांडीवर. या वाटेनं जाणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवावा. मला वडूजपर्यंत चहाच मिळाला. गाडीभाडं किरकोळ आहे, पाठ मात्र चांगली हवी.

शेत सर्जेरावांचं. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ बसणारे. त्यांच्या पत्नी सुलाबाईंनी भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. जेवताना मी निकाल सांगितला.

"म्हंजे झिंकचं पोतं दळणाला," सर्जेराव म्हणाले. "भावकी पेरणीला बी न्यायला येणार हाय. त्यास्नी वंगाळ बी दिऊ व्हय?"

मी थांबा म्हटलं. तेवढ्यात चुलीवर टांगलेल्या कणसांच्या जुड्या दिसल्या. धुरात ठेवलं की बियाण्याला कीड लागत नाही. त्या कुठल्या पट्टीच्या, असं विचारलं.

"आवं ताई, चांगल्या पट्टीच्या," सुलाबाई म्हणाल्या. "मिठाच्या रानाचं बी कुणी धरतंय का?"

"आगं, त्ये मीठ न्हवं, झिंक हाय!"

"पांढरं हाय, पान्यात इरघळतंय. मीठ न्हाई तर काय साखर हाय?"

"पलटणीत मला कुनी उलट बोलत न्हवतं."

"मग तितंच ऱ्हायाचं हुतं."

मला आलेलं बिनझिंकचं बी या जुड्यांतलं होतं, म्हणजे निवडून काढलेल्या टपोऱ्या कणसांचं. झिंकचं सरसकट राशीतलं, मळणीत काठ्या खाल्लेलं. ही तुलनाच नव्हती. मग दोन्ही पोत्यांतून नवे नमुने घेऊ म्हटलं, आणि हात थांबला. बिनझिंकच्या पट्टीतली सगळ्यात चांगली कणसं तर आधीच चुलीवर गेली होती. आता पारडं उलट्या बाजूला झुकणार.

"मंग दळू का नगं?" सर्जेरावांनी विचारलं.

मी कळवेपर्यंत पोतं तसंच ठेवा म्हटलं.

विट्याला गाडी बदलून, तासगावमार्गे सांगली. लॉजवाल्यानं एकट्या बाईला खोली दिली नाही. कारण विचारलं तर पंखा बिघडलाय म्हणाला. ज्यांच्या शेताचा दुसरा नमुना होता, त्या अण्णांच्या घरी उतरले. कुटुंब जैन, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. आमटी उत्तम होती, तिच्यात कांदा-लसूण नव्हता हे मला नंतर कळलं.

इथं तरी निकाल सरळ असेल असं वाटलं होतं. सकाळी अण्णांनी पट्ट्या दाखवल्या. झिंकची पट्टी विहिरीला लागून होती.

"पाणी दोन्हींना सारखंच दिलंत ना?"

"सारखंच की. पाट फुटून विहिरीकडच्या पट्टीत जे जाईल ते येगळं."

"पाट किती वेळा फुटला?"

"ताई, पाट हाय तो. फुटायचाच."

मी हसले नाही, हे बहुधा उद्धटपणाचं दिसलं असेल.

परत आल्यावर टेबलावर चार पुड्या मांडल्या. झिंकमुळे दाणा भरतो, उगवण सुधारते, असं आम्ही शिकलो आहोत. ते खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. खरं म्हणायला या चार पुड्या पुरत नाहीत. सर्जेरावांनी माझ्या शब्दाखातर पोतं तसंच ठेवलं आहे. पण हस्त नक्षत्रात पेरणी धरतील, त्याआधी भावकी दारात उभी राहील, आणि तेव्हा त्यांना एकच शब्द हवा असेल.

म्हणून वाचकांना विचारते. तुमच्यापैकी कुणी शाळूच्या एका पट्टीला झिंक देऊन दुसरीला दिलं नसेल, दोन्हींना पाणी सारखं असेल, आणि बी न निवडता ठेवलं असेल, तर दोन्हींचं ओंजळ-ओंजळभर बी वेगवेगळं बांधून पाठवा. नसेल, तर तसं कळवा. उत्तर गणेश चतुर्थीच्या आत मिळावं.