धोंडिरामनं झाळलेला हात

धोंडिराम बनसोडेला आष्ट्यात सगळे फौजी म्हणत, आणि त्याला ते आवडत नसे. आपण लढलो नाही, हे तो ज्याला त्याला सांगे. लष्करात त्याचं काम अडकलेली वाहनं ओढून काढायचं. रणगाडा चिखलात रुतला, ट्रक नाल्यात कलंडला, की यांची रिकव्हरी लॉरी जायची. मागे क्रेन आणि पोटात विंच, म्हणजे पोलादी तार गुंडाळून घेणारा रहाट. पासष्टच्या लढाईनंतर वर्षभरात तो घरी आला आणि शेतावरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करू लागला.

मी तेव्हा तिथल्या मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होते. प्रयोगशाळेतला पंप बिघडला म्हणून त्याच्या घरी गेले, तर सोप्यात जुन्या दाराची फळी दोन पिंपांवर टाकलेली, आणि त्या फळीवर पंजाबातलं एक शेत. मधोमध रुतलेला रणगाडा. पलीकडे ती लॉरी, हातभर लांब, हुबेहूब. गणपतीचे देखावे मी पुष्कळ पाहिलेत. हे तसलं नव्हतं. याला कुणी हात जोडावेत म्हणून ते केलेलं नव्हतं.

सगळं डालड्याच्या डब्यांच्या पत्र्याचं. क्रेन छत्रीच्या काड्यांची. टायर कापून चपला करतात ना, त्या चपला कापून यानं पुन्हा टायर केलेले. विंचची तार म्हणजे मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्याच्या तीन तारा, एकत्र पिळलेल्या. माणसं तांब्याच्या तारेची, वर कथील चढवून घडवलेली. चिखल कृष्णाकाठचा, सरसात कालवलेला. मी पट्टी लावून पाहिली. एका इंचाला दोन फूट, कुठे सुताचाही फरक नाही. रणगाड्याचा खालचा अर्धा भाग चिखलात बुडालेला होता, तोही त्यानं पुरता केला होता. जे कुणाला दिसणार नाही ते कशाला केलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते तिथं होतं.

त्याची बायको आक्काताई चहा घेऊन आली. ती म्हणाली, "आमच्यात दोन बायका हायत, बाई. एक मी, एक ही पत्र्याची. तेल लावून अंगूळ तिला असती, मला न्हाई."

देखाव्यात माणसं दोनच. एक विंचच्या दांड्यावर, तो धोंडिराम स्वतः. दुसरा रणगाड्यापासून थोडा बाजूला, हात वर केलेला. त्या हाताच्या खांद्यापाशी कथलाचे थरावर थर दिसत होते. आक्काताई म्हणाली की हा एकच हात रोज मोडतो आणि मालक रोज तो कथलाच्या डागानं झाळत बसतात. धोंडिराम म्हणाला, डाग धरत नाही. तार तेलकट असली की असं होतं, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

दुसरा माणूस कोण, ते त्यानं सांगितलं. म्हसवडचा अर्जुना, धनगराचा मुलगा. तार ताणली असताना ती तुटली तर चाबकासारखी मागे येते, माणूस कापून काढते. म्हणून नियम असा, की जेवढी तार सोडली तेवढ्या अंतरात कुणी उभं राहायचं नाही. आकडा अडकवणारा अडकवतो, लांब चालत जातो, विंचवाल्याकडे तोंड करून हात वर करतो, आणि मगच विंचवाला तार ओढतो. अर्जुनानं पुरतं लांब न जाताच हात वर केला. तार तुटली. तो जागीच गेला. चौकशी झाली आणि मयताची स्वतःची चूक असं ठरलं. हे सगळं धोंडिरामनं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, आणि मध्ये एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

अडुसष्टच्या जानेवारीत आमच्या शाळेचं प्रदर्शन होतं. तो देखावा तिथे मांडायचा मी हट्ट धरला आणि बैलगाडीतून तो आणवलाही. शिवाय आणखी एक गोष्ट केली, धोंडिरामला न विचारता. अर्जुनाच्या आईला पत्र घातलं. तुमच्या मुलाची आठवण इथे कुणीतरी इतक्या निगुतीनं जपली आहे, येऊन पाहा. मला ते फार चांगलं काम वाटलं होतं.

हरणाबाई एसटीनं एकटीच आली. उंच, काळी, कपाळावर भंडारा. शाळेच्या ओट्यावर बसून तिनं मला आपल्या येण्याचं कारण सांगितलं. म्हसवडची दोन पोरं लढाईत गेली. एकाचा फोटो चावडीत लागला. अर्जुनाचा लागला नाही, कारण फौजेच्या कागदात त्याची चूक लिहिली होती. तिचा दीर बिराप्पा तर चारचौघांत म्हणे की पोरगं मेंढरामागंच बरं होतं, यंत्रापुढे उभं राहायची अक्कल त्याला नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं, की माझं पोरगं चुकलं का. कागद नव्हे, तिथे हजर असलेला माणूस काय सांगतो ते ऐकायला ती आली होती.

मी तिला वर्गात नेलं. धोंडिराम मुलींना क्रेन दाखवत होता. ही अर्जुनाची आई, असं मी म्हटलं, आणि त्यानं हातातला दांडा खाली ठेवला.

हरणाबाईनं लॉरीकडे पाहिलंच नाही. फळीपाशी उकिडवी बसली, डोळे चिखलाच्या पातळीला आणले. रणगाड्यापासून त्या बाहुल्यापर्यंत चिखलात पावलं उमटवलेली होती, वालाएवढी. मी ती पाहिली होती आणि दोन पावलांतलं अंतर प्रमाणात आहे म्हणून खूषही झाले होते. तिनं एकेका पावलाशेजारी बोट टेकत नेलं. हरवलेलं मेंढरू खुरांवरून शोधणारी बाई ती.

"डावा पाय भाईर पडतोय," ती म्हणाली. "कोकरामागं पळताना घोटा मोडला व्हता त्याचा. माजाच हाय ह्यो."

तिचं बोट शेवटच्या पावलाशी थांबलं. "पर ह्यो तर चाललाय. टाच उचललीया. वडनाऱ्या गाडीकडं पाठ हाय त्याची." मग तिनं मान वर करून धोंडिरामकडे पाहिलं. "पाठ फिरवून चाललेला मानूस हात कशाला वर करंल रं, बाबा?"

मी महिनाभर त्या फळीवर पट्टी फिरवत होते. मला हे दिसलं नव्हतं. पावलं त्यानं डोळ्यांनी पाहिली तशी केली होती, जशी त्यानं रणगाड्याची चिखलातली बाजू केली. त्याला दुसरं येतच नव्हतं. फक्त तो हात त्यानं चौकशीतल्या जबाबासारखा केला होता.

मी मुलींना बाहेर पाठवलं. धोंडिराम खाली बसला.

"हात वर केला न्हवता त्यानं," तो म्हणाला. "तोफंचं गोळं जवळ पडाया लागलं, मावशी. मला भ्या वाटलं. त्यो चालत व्हता आन मी तार वडली. चौकशीत मी म्हनलो, त्यानं हात दावला. दुसरं कुनी बगितलं न्हवतं."

"म्हंजी माजं प्वार चुकलं न्हवतं."

"न्हाई."

"मग हे म्हसवडात येऊन सांग."

तो म्हणाला, बाई लिहून देतील, मी सही करतो. मीही मान हलवली. लिहिणं माझ्या हातातलं होतं. हरणाबाई म्हणाली, "कागदानंच केलंय ह्ये सगळं. तोंडानं सांग."

मग आक्काताई आली आणि तिनं रडून घेतलं. घरात दोन लेकरं, उद्या फौजेनं धरून नेलं तर कुणाच्या दारात जायचं, असं तिनं मला विचारलं, हरणाबाईला नव्हे. पत्र मीच घातलं होतं, तेव्हा मलाच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, खरं ते बोलावंच लागतं. ती म्हणाली, तुमचं काय जातंय, बाई. खरंच होतं ते.

हरणाबाई ओट्यावर जाऊन बसली ती हलेना. संध्याकाळी आक्काताईच भाकरी घेऊन गेली. म्हातारीनं हात लावला नाही. आक्काताई ताठ झाली, म्हणाली, आमच्या घरचं तुमाला चालत नसंल, ठाऊक हाय मला. म्हातारी म्हणाली, "जातीचं न्हाई, बाळा. त्यानं तिथं सांगितल्याबिगर ह्या गावचं पानी घशाखाली उतरंना मला."

आक्काताईनं भाकरी परत नेली. सकाळी धोंडिराम धुतलेला सदरा घालून आला. तिनंच त्याला पाठवलं की तो आपण होऊन निघाला, मी विचारलं नाही.

विटा, मायणी करत आम्ही तिघं म्हसवडला पोचलो. बाजाराचा दिवस. सिद्धनाथाच्या देवळाबाहेर लिंबाखाली बिराप्पा आणि भावकीतली माणसं बसलेली. हरणाबाईनं धोंडिरामला त्यांच्यापुढे उभं केलं आणि स्वतः बाजूला झाली. त्यानं सांगितलं, हळू आवाजात, सगळं. बिराप्पाला कमी ऐकू येई. तो म्हणाला, काय म्हनतोय ह्यो? धोंडिरामनं पुन्हा सांगितलं. बिराप्पानं कानामागे हात धरला. तिसऱ्या वेळी धोंडिरामला ओरडून सांगावं लागलं, की अर्जुना चुकला नाही, मी चुकलो, आणि खोटं बोललो. कांदे तोलणारे थांबले. बांगडीवाली थांबली.

"मग तवाच म्हनायचं व्हतंस," बिराप्पा म्हणाला, आणि जमिनीकडे पाहत राहिला.

कुणी अंगावर आलं नाही. आलं असतं तर धोंडिरामला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून हरणाबाईला दिली. आत तो कथलाचा अर्जुना होता, वर केलेला हात खांद्यापासून कापून टाकलेला, जागा घासून साफ केलेली. तिनं बाहुलं उलटंसुलटं करून पाहिलं, डाव्या पायावरून अंगठा फिरवला आणि ते पदरात घालून गाठ मारली.

"जा आता," ती म्हणाली. "एसटी चुकंल."

मी निघाले. धोंडिराम निघेना. ती घरच्या वाटेला लागली होती, आणि तो धुळीत उमटलेल्या तिच्या अनवाणी पावलांकडे बघत तिथेच उभा होता. मी दोनदा हाक मारली. विट्याची एसटी आम्हाला चुकली.