दोन बोटांची फट

आबा खुर्ची ओढून माझ्या लॅपटॉपसमोर बसले. म्हणाले, "दाखवा बगू आमची शाळा."

आबा म्हणजे लोहारा तालुक्यातल्या, माकणीच्या अलीकडच्या एका गावातल्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. नव्या इमारतीचं स्ट्रक्चरल डिझाइन माझ्याकडं होतं. खड्डे खणून सळयांच्या जाळ्या बांधून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पायाचं काँक्रीट पडणार होतं. पोरं पत्र्याच्या शेडमध्ये बसत होती, म्हणून आबांना जूनच्या आत वर्ग हवे होते.

माझं काम थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरमध्ये इमारतीचे बारीक तुकडे पाडायचे. तुकडे जिथं जोडले जातात त्या बिंदूला नोड म्हणतात. भूकंपात प्रत्येक नोड किती हलेल, हा हिशेब सॉफ्टवेअर करतं. पण कुठला नोड कुठं आहे, हे त्याला आधी सांगावं लागतं. ते टाइप करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि मानेला पट्टा आला. शेवटी वैतागून मी एक प्रोग्राम लिहिला. तो ड्रॉइंग वाचून इनपुट फाइल आपणच तयार करतो. ड्राफ्ट्समनच्या रेघा एकमेकींना नीट टेकत नाहीत, म्हणून चार बोटांच्या आत दोन नोड दिसले तर ते एकच धर, असं त्याला सांगून ठेवलं होतं.

मी स्क्रीनवर इमारत हलवून दाखवली. आबा खूश झाले.

"दोन्ही भाग कसे संगं हलतेत. भावाभावावानी."

मी स्क्रीनवरची इमारत थांबवली. शाळेचे दोन भाग वेगळे होते. ज्यानं त्यानं आपापलं हलावं म्हणून मधे मुद्दाम दोन बोटांची फट ठेवली होती. तिथं दोन्ही स्लॅबच्या कडा समोरासमोर येतात. प्रोग्रामनं चार बोटांचा नियम लावून त्या शिवून टाकल्या होत्या. फट ड्रॉइंगमध्ये होती, हिशेबात नव्हती.

"आबा, उद्याचं काँक्रीट थांबवा," मी म्हणाले आणि का ते सांगितलं.

"मॅडम, गाड्या ठरल्यात. आन् दोन बोटांनी काय व्हतंय?"

मी नियम बदलून मॉडेल परत चालवलं. आता एक भाग इकडं जात होता, दुसरा तिकडं. आकडे पाहिले. फट पुरत नव्हती, दोन्ही भाग एकमेकांवर आपटत होते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालचे खांबही बारीक पडत होते, म्हणजे पायाही बदलणार होता. तसं सांगितलं. आबांनी स्क्रीनवरच्या फटीवर बोट ठेवलं.

"आमच्या अन् चुलत्याच्या घराची मदली भिंत एकच व्हती," ते म्हणाले. "त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं पडलं, त्यानं आमचं बी वढून नेलं. माय आत व्हती."

मग त्यांनी फोन काढून ठेकेदाराला सांगितलं, "उद्या न्हाय. मॅडम सांगतील तवा."

वर्ग जूनमध्ये झाले नाहीत. पोरं दिवाळीपर्यंत पत्र्याखाली बसली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. प्रोग्राम मी वापरतेच. फक्त कुठले नोड एकत्र केले ते त्याला लाल रंगात दाखवायला लावलंय, आणि तो एकेक ठिपका मी स्वतः बघते. पूर्वी टाइप करायला लागायचा जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. मानेचा पट्टा सुटला. आता डोळे दुखतात.