मोकळं फोल्डर

खून, दरोडे, घरफोड्या, सगळं पाहिलं. पण निवृत्तीनंतर सकाळी चहा घेताना डोक्यात येतं ते सोलापुरातलं एका मोकळ्या फोल्डरचं प्रकरण. हसू नका. त्यापायी एका पोराचं वाटोळं व्हायची वेळ आली होती.

मी ठाण्याचा प्रभारी होतो. हजेरी आटोपून बसतोय तोच ठाणे अंमलदार एका मुलीला घेऊन आला. मुलगी सांगोल्याची, विद्यापीठात डाळिंबावरच्या तेल्या रोगावर पीएच.डी. करणारी. रोगट पानांचे फोटो तिने सामायिक प्रयोगशाळेतल्या यंत्रावर काढले होते. अशा ठिकाणी महागडं यंत्र एकच आणि वापरणारे विभाग अनेक. आपली वेळ नोंदवायची, काम उरकायचं, उठायचं. यंत्राच्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावायला बंदी. व्हायरस येतो म्हणे. फायलींच्या प्रती काढून सर्व्हरवर ठेवायचं काम तंत्रज्ञान सेवा कक्षाचं. सोमवारी सगळ्यांची फोल्डर जागेवर होती, फक्त हिचं मोकळं. आणि सर्व्हरवरही प्रत नव्हती.

"पुन्हा काढ की फोटो," मी म्हणालो.

"पानं कुठनं आणू, सर? रोगानं बाग गेली. वडिलांनी झाडं उपटून टाकली." एवढं बोलली आणि रडायला लागली.

संशय कोणावर, तर बरोबरच्याच एका संशोधक मुलावर. यंत्राच्या वेळेवरून दोघांचं वाजलं होतं आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बघतोच तुझं काम कसं पुरं होतं ते!"

दुपारी सेवा कक्षातल्या कंत्राटी तंत्रज्ञाचा फोन. आवाज दबका. "साहेब, शनिवारी तोच त्या संगणकाशी खुडबूड करत होता. मी बघितलंय." खबर अशी आयती चालून आली की मला आनंद होत नाही. सांगणारा का सांगतोय, हे आधी बघावं लागतं.

मुलाला बोलावलं. उलटसुलट विचारलं.

"धमकी दिलीस?"

"दिली, सर. रागात बोलून गेलो."

"शनिवारी तिथं होतास?"

"होतो. माझीच वेळ होती."

खोटं बोलणारा माणूस इतक्या सहज अडचणीतलं कबूल करत नाही. बाहेर बाकावर त्याचे वडील बसले होते. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. मी बाहेर येताच उठून उभे राहिले.

"साहेब, माजं पोरगं तोंडानं फटकळ हाय, हातानं न्हाय. पुण्याला सरकारी कॉलेजात नोकरीला निवड झालीया आत्ताच. गुन्ह्यात नाव आलं तर संपलं की समदं!"

खरंच होतं त्यांचं. नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी आमच्याकडेच येते. तिथे गुन्हा दिसला की पुढचं कोणी वाचत नाही. मी गुन्हा न नोंदवता तक्रार अर्ज चौकशीवर ठेवला आणि मुलीला घेऊन स्वतः प्रयोगशाळेत गेलो.

दाराशीच बूट काढायला लावले. अंगावर खाकी आणि पायांत नुसते मोजे, असा मी त्या गारठ्यात उभा. आमच्या ठाण्यात खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, तेव्हा हवालदार संगणकाच्या डब्यालाही कुंकवाची बोटं ओढतात. ती वर्षभर तशीच असतात, पुसायचं कोणाच्या मनात येत नाही. इथेही तेच. मोठ्या यंत्रावर, प्रिंटरवर, फ्रिजवर, शेजारच्या प्रत्येक संगणकावर वाळलेलं कुंकू. यंत्राला जोडलेल्या या एका डब्यावर मात्र काहीच नाही.

"याची पूजा राहिली होती का गं?"

"नाही, सर! मीच केली. माझं सगळं काम याच्यावर, म्हणून याला पाची बोटं लावली होती." ती वाकून बघायला लागली. "अगं बाई! सर, हा तो डबाच नाही!"

तंत्रज्ञाला बोलावलं. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरचा, तिशीचा. मी एवढंच विचारलं, "जुना डबा कुठाय?" तो घडाघडा सांगू लागला.

रविवारी संगणक सुरू होईना, जळका वास आला. त्याने तसलाच दुसरा डबा आणून जोडला आणि सर्व्हरवरून सगळ्यांच्या फायली त्यात भरल्या. हिचं फोल्डर सगळ्यांत मोठं. सर्व्हरवर जागा नव्हती म्हणून त्याची प्रत त्याने कधी काढलीच नव्हती.

"सगळं जळालं असंच वाटलं, साहेब. कंत्राट संपत आलंय, घरी आईवडील म्हातारे. बोललो असतो तर दारात उभं केलं नसतं मला. भांडण झालेलं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याचं नाव घेतलं."

जुना डबा भंगाराच्या खोलीत टाकला होता. तिथे सारख्याच काळ्या डब्यांचा ढीग, आणि लिलावाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार! मुलीने ओढणी कमरेला खोचली आणि ढिगात शिरली. धुळीने माखली, पण थांबली नाही. "सापडला! सर, हीच माझी बोटं!" मी पंचनामा करून डबा सायबर कक्षाला दिला. जळाला होता तो फक्त वीजपुरवठ्याचा भाग. डिस्कमध्ये पानन् पान शाबूत होतं.

तंत्रज्ञाला म्हटलं, "फोनवर माझ्या कानात सांगितलंस, ते आता त्या पोराच्या तोंडावर सांग." मुलासमोर, त्याच्या वडिलांसमोर त्याने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा फटकळ पोरगा त्याची गचांडी धरतो.

पोरगा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मला सांगायचंत. मी आलो असतो की डबा उघडायला."

मुलगीही माफी मागायला पुढे झाली आणि रडायलाच लागली. मुलाचे वडील म्हणाले, "पोरी, आदी त्याच्या दोन कॉप्या काढून घे. मग रड खुशाल." ठाणे अंमलदारसुद्धा हसला.

तंत्रज्ञाला मी कडक समज दिली. चूक त्यानेच वरिष्ठांना लेखी कळवली, आणि दोघेही संशोधक त्याच्यासाठी विभागप्रमुखांकडे जाऊन बसले. कंत्राट वाढलं. मुलाची पडताळणी माझ्याच टेबलावर आली आणि निरंक गेली.

इतकी वर्षं खाकी घालून मी गुन्हेगार शोधत आलो. या प्रकरणात तो नव्हताच. एक घाबरलेला माणूस होता, आणि घाबरलेला माणूस लांबून अगदी गुन्हेगारासारखा दिसतो. जवळ जाऊन बघायला तेवढा वेळ लागतो, आणि गुन्हा नोंदवायच्या एका सहीने तो वेळ मी सहज वाचवू शकलो असतो.

त्या वर्षी खंडेनवमीला आमचा हवालदार ठाण्याच्या संगणकाला कुंकू लावत होता. मी केबिनमधून ओरडलो, "पाची बोटं लाव रे, चांगली ठसठशीत!"